डबल बास, बडोदा आणि सर्व्हेयरची वाट : माझा अनुभव

डबल बास म्हणजे व्हायोलिनसारखं दिसणारं पण माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं खर्जाचं वाद्य. ते शिकणाऱ्याला सगळे बोटांचे फोड, खांद्याचं दुखणं, वाद्य रिक्षात मावत नाही वगैरे आधीच सांगून ठेवतात. मला त्यातल्या कशाचाही एवढा त्रास झाला नाही जेवढा एका इन्शुरन्स क्लेमने दिला, आणि तो राग अजून उतरलेला नाही म्हणून हे लिहितेय. बडोद्यात किंवा मुंबईबाहेर कुठेही कोणी जुना बास मागवायच्या विचारात असेल तर त्यांना उपयोग होईल.

मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवत होते, गरब्याचे सीझनही केले. मग आमचा छोटा ग्रुप जमला, व्हायोलिन, गिटार, तबला आणि गायला एक ताई, भावगीतं वगैरे, आणि तिथे माझा अ‍ॅम्पमधला आवाज सारखा बाहेरून आणून चिकटवल्यासारखा वाटायचा. लाकडाचा आवाज हवा होता. मुंबईत एक सर मिळाले, जुने वाजवणारे, ऑनलाइन शिकवायला तयार झाले. वांद्र्याच्या एका घरात बास मिळाला, प्लायवुडचा, थ्री-फोर्थ साइझ. (थ्री-फोर्थ म्हंटलं की लोकांना लहान मुलांचा वाटतो, पण मोठी माणसं बहुतेक तोच वाजवतात, उंची जवळपास सहा फूट असते.) हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो ट्रान्सपोर्टने बडोद्याला आला. पाठवणाऱ्यांनी काळजीपोटी चारही तारा पूर्ण सैल केल्या होत्या आणि वाटेत कोणीतरी तो आडवा टाकून वर माल रचला होता. उघडला तर आत काहीतरी खुळखुळत होतं आणि मागच्या बाजूला कडेचा जोड टीचभर उघडलेला. खुळखुळणारा तो साउंडपोस्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बासच्या पोटात पुढची पाटी आणि मागची पाटी यांच्यामध्ये एक गोल लाकडी दांडी उभी असते, घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी ब्रिज) बारीक तारेकडच्या पायाच्या जरा खाली. ती चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबावर अडकून असते. तारा ढिल्या केल्या आणि धक्का बसला की पडते. आणि ती पडलेली असताना तारा चढवायच्या नाहीत, अजिबात नाहीत, कारण वरून घोडीचा सगळा दाब येतो आणि खाली आधार नाही, पुढची पाटी खचते.

म्हणजे बास घरात, पण वाजवायचा नाही.

ट्रान्झिट इन्शुरन्स काढला होता, त्याचे पैसेही वेगळे भरले होते. फोन केला तर म्हणाले सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येऊन बघेपर्यंत कशालाही हात लावू नका, रिपेअर केलंत तर क्लेम जाईल. ठीक आहे म्हंटलं, दोन-चार दिवसांत येईल. इथून ते सुरू झालं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आधी बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) डॅमेजचा शेरा हवा होता आणि तो माणूस शेरा मारायलाच तयार नाही, कारण त्याच्या मते काही तुटलेलंच नाही. "बेन, आमां शुं तूट्युं छे? बताओ." मी मोबाइलचा टॉर्च लावून एफ-होलमधून, म्हणजे पुढच्या पाटीवरच्या एफ आकाराच्या भोकातून, पडलेली दांडी दाखवली तर म्हणतो हे आधीपासूनच सुटं असेल. शेवटी माझ्या मोठ्या दिरांनी, जे इथेच वकिली करतात, त्याला शांतपणे सांगितलं की कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ प्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस देता येते आणि आम्ही ती देणार आहोत, तेव्हा त्याने शेरा मारला. पॅकिंग उघडतानाचा व्हिडिओ असता तर हे सगळं पाच मिनिटांत झालं असतं, तेव्हा कोणी मागवत असाल तर गोडाऊनमध्येच, डिलिव्हरीच्या कागदावर सही करायच्या आधी, व्हिडिओ काढा आणि वाद्य हळूच हलवून आत काही वाजतंय का तेही रेकॉर्ड करा.

मग क्लेमचा फॉर्म. मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, ओरिजिनल बिल. साठ-सत्तर वर्षांच्या जुन्या बासला कुठला सिरीयल नंबर असणार! रकाना रिकामा ठेवला तर ऑनलाइन फॉर्म पुढेच जात नाही. "तुटलेला भाग" मध्ये काय लिहायचं, कारण लाकूड अखंड आहे, पडलंय आणि उकललंय. आणि सगळ्यात कहर म्हणजे ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट मागितलं. मी किती वेळा समजावलं की हा फ्रिज नाही, ह्याला सर्व्हिस सेंटर नसतं, हाताने काम करणारा एखादा माणूस असतो आणि तो मुंबईत असतो. प्रत्येक फोनला नवीन माणूस आणि प्रत्येकाला परत पहिल्यापासून सांगायचं.

तेवढ्यात ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. ज्यांनी ते बघितलंय त्यांना सांगायला नको. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, बासला काही झालं नाही, पण त्यानंतर शहरातले सगळे सर्व्हेयर बुडालेल्या गाड्या आणि दुकानं बघत फिरत होते आणि ते योग्यच होतं, लोकांचे संसार भिजले होते, तिथे मी बाजा घेऊन काय भांडणार. माझा राग त्याच्या आधीच्या वेळेवर आहे. जूनपासून ऑगस्टपर्यंत एवढं पाणी नव्हतं, तेव्हा का नाही आले? आणि त्या दमट हवेत उघडा पडलेला जोड रोज थोडा थोडा पुढे सरकत होता, मी पेन्सिलने खूण करून तारीख टाकून फोटो काढत होते. (हे फोटो नंतर कामाला आले.)

गणपती गेले, "काले आवशे" (उद्या येतील) संपलं नाही. नवरात्रीच्या आधी मी कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला ईमेल केली आणि उत्तर आलं नाही तेव्हा आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, तारखांसकट, फोटोंसकट. त्यानंतर सर्व्हेयर आला. पंधरा मिनिटांत बघून गेला! त्याला मी सरांच्या ओळखीच्या कारागिराचं साध्या लेटरहेडवरचं एस्टिमेट दिलं, त्यात "जोड उघडला" असं न लिहिता वाद्याचा भार पेलणारा भाग जागेवरून निघाला असून दुरुस्तीशिवाय वापर धोक्याचा, असं लिहून घेतलं होतं. ते चाललं. सिरीयल नंबरच्या रकान्यात "नाही" लिहा, शून्य टाकू नका, शून्य टाकलं की फॉर्म परत येतो.

ह्या सगळ्या काळात सरांनी मला रिकामं बसू दिलं नाही ते बरं झालं. बो (गज) वेगळा आला होता, तो घेऊन नुसती पकड. बासचा बो धरायच्या दोन पद्धती, फ्रेंच म्हणजे वरून धरायचा, व्हायोलिनसारखा, आणि जर्मन म्हणजे खालून, तळहात आत घालून. मी जर्मन घेतली, माझ्या मनगटाला ती सोपी गेली. आणि तानपुऱ्यावर गायला लावलं, ई, ए, डी, जी चारही तारांचे स्वर आणि त्यांच्यातला मध्यम. बास षड्ज-मध्यमात लावलेला असतो, व्हायोलिन षड्ज-पंचमात, हे कानात बसायला वाजवायची गरजच नाही. बडोद्याच्या सुरसागर तलावाजवळच्या म्युझिक कॉलेजमध्ये लहानपणी गाणं शिकले होते ते इथे उपयोगी पडलं. १८८६ मध्ये मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या पाठिंब्याने काढलेली गायनशाळा ती हीच.

दिवाळीच्या आसपास कारागीर दुसऱ्या कामासाठी अहमदाबादला आले होते ते एक दिवस इकडे उतरले. जोड गरम सरसाने चिकटवला. कृपा करून कोणी फेव्हिकॉल लावू नका, सुताराला तर हातच लावू देऊ नका, सरस गरम पाण्याने परत सोडवता येतो म्हणून वाद्यात तोच लावतात. मग साउंडपोस्ट. एस आकाराच्या लोखंडी हत्याराने एफ-होलमधून आत घालून उभा केला, टोकं दोन्ही पाट्यांच्या वळणाला बसतील अशी घासली. आणि त्यानंतर जे झालं ते मला कोणी आधी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तारा चढवल्या, मी ई वाजवली, आवाज फुटका आणि कोंडलेला. त्यांनी पोस्ट दोनेक मिलिमीटर सरकवला. परत वाजवली. तोच बास, त्याच तारा, तोच माझा कच्चा हात आणि आवाज पोटातून यायला लागला. तानपुऱ्याची जवारी लागल्यावर जसा फरक पडतो तसाच. एवढ्या महिन्यांनी तो आवाज ऐकून मला खरंच रडू आलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की नवीन शिकणाऱ्याने आवाज येत नाही म्हणून लगेच महागड्या तारांवर पैसे घालू नयेत. आधी पोस्ट, घोडी आणि तारांची उंची बघून घ्या. घोडीच्या पायांत फिरवायचे अ‍ॅडजस्टर बसवून घेतलेत तर उत्तम, कारण आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर जातात आणि डिसेंबर-जानेवारीत खाली येऊन बोर्डावर (बोटं दाबायच्या लाकडी पट्टीवर) खडखडतात.

नंतर हाताचा आवाज. बो दाबायचा नाही, हाताचं वजन सोडायचं. जाड ई तारेला बो हळू हवा, सुरुवातीला तारेला नीट पकडून मग ओढायचा, घाईत ओढला की नुसती शिट्टी. घोडीच्या जवळ गेलात तर हळू आणि वजनदार, बोर्डाकडे गेलात तर हलका आणि वेगात. मी अजूनही रोज आधी अर्धा तास तानपुरा ए वर लावून नुसत्या मोकळ्या तारा ओढते. डाव्या हाताला सिमांडलची पद्धत (बास शिकवायची एक जुनी, रूढ पद्धत), पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, तिसरं चौथ्याला मदत करतं, त्यामुळे खालच्या भागात एका जागी फक्त एक पूर्ण स्वराचं अंतर मिळतं. बास गिटारवाल्यांना हे सुरुवातीला अपमानासारखं वाटेल पण सुरात वाजायचं तर पर्याय नाही.

सूर लावायला हार्मोनिक (तार न दाबता बोट टेकवून येणारा उंच स्वर) वापरा : ए तारेच्या पाव लांबीवर आणि डी तारेच्या एक तृतीयांशावर बोट नुसतं टेकवा, दोन्हीकडे एकच स्वर यायला हवा, बाकीच्या जोड्याही तशाच.

ऑनलाइन शिकणाऱ्यांनी नॉइज सप्रेशन बंद करावं, नाहीतर अ‍ॅप बो ओढल्याचा आवाज पंख्याचा समजून कापून टाकतं. शिवाय मोकळी ई म्हणजे ४१ हर्ट्झ, फोनच्या स्पीकरमधून ती येतच नाही, दोन्हीकडे हेडफोन हवेत.

रोझिन (बोच्या केसांना लावायची राळ) बासचाच घ्या, व्हायोलिनचा कडक असतो, चालत नाही. आपल्या मे महिन्यात तो डबीत वितळून वाहतो म्हणून डबी सपाट ठेवा, कलती करून पिशवीत टाकू नका. बास ज्यावर उभा राहतो तो खालचा खिळा व्हिट्रिफाइड टाइल्सवर घसरतो, रबरी टोपी लावा.

आणि पाठवणाऱ्यांना बजावून सांगा, तारा फक्त एखाद-दोन स्वर उतरवा, पूर्ण सैल करू नका, टेलपीसखाली (तारांची खालची टोकं अडकवलेला तुकडा) जाड कापड घाला आणि बास उभाच पाठवा. क्लेमचे पैसे पुढच्या वर्षी मार्चमध्ये आले, मागितले त्यापेक्षा कमी, आणि का कमी ते विचारलेलं आहे.