सुरंगी आणि काटा

बुधवारी दुपारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. घ्यायचं काहीच नव्हतं, म्हणूनच. गंजके पाने, काटे हरवलेली घड्याळं आणि त्यांच्या गर्दीत पितळेचा एक चिमुकला तराजू. लाकडी पाटावर उभा. एक पारडं चपटं, पाकीट आडवं मावेल एवढं रुंद, दुसरं वाटीएवढं. पाटात वजनांसाठी कोरलेले खळगे, त्यातला एक रिकामा.

"सोनाराचा आहे साहेब."

असेल. सोनार कशाला एवढं रुंद पारडं ठेवेल, हे मी विचारलं नाही. भाव वाढला असता.

वेंगुर्ल्याकडे आमच्या गावी पोस्ट म्हणजे गुरुजींच्या पडवीतलं एक टेबल. शाळा सुटली की शिक्के, खळीची वाटी नि टपालाची थैली बाहेर यायची. पंधरा पैशांच्या कार्डाला काटा लागत नसे. तो निघायचा पाकिटाला. तिकीट कमी पडलं तर पत्र नॉटपेड, आणि दुप्पट पैसे घेणाऱ्याच्या माथी. आजीला याची फार धास्ती. ज्या लेकाच्या मनीऑर्डरवर घर चालायचं, त्याच्याचकडून दंड कसा घ्यायचा?

तिला लिहिता येत नसे. ती सांगायची, मी लिहायचो. मनीऑर्डरच्या कुपनावरचा काकांचा दोन ओळींचा मजकूरही मीच वाचायचो, तिला पाठ होईपर्यंत. कुपनं तांदळाच्या डब्यात.

एका शिमग्याला तिने पाकिटात सुकलेली सुरंगी भरली. पारडं खाली गेलं. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं.

"आजी, जास्त झालं. तिकीट तरी वाढवा, नायतर काहीतरी काढा."

आजीने कनवटीला हात लावला, आणि तसाच परत घेतला. मला वाटलं, आता फुलं जाणार.

"कागद काढ रे एक. फुलां रवांदेत."

कागद दोन होते. दोन्हीवर माझं अक्षर, शुद्धलेखनाला वर्गात पहिला आलेल्याचं. पहिल्यावर 'तीर्थरूप' वगैरे, म्हणून दुसरा काढला. पारडं सावकाश वर आलं. रागाने मी घरापर्यंत बोललो नाही. तो कागद दप्तरात बरेच दिवस होता. त्यावर काय लिहिलं होतं, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

काटा घेतला शेवटी. घरी येऊन त्यावर लाईटबिल ठेवलं. पारडं हललंसुद्धा नाही. कुठेतरी अडकलंय; तेल घालून बघतो.