बदलीची खुर्ची

लातुरात मी गेली अनेक वर्षे मुलांना बास्केटबॉल शिकवतो. जुन्या खेळाडूंपैकी कोणीही भेटले की प्रश्न ठरलेला असतो : घरी भिंतीवर अमेरिकी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचे चित्र लावणाऱ्या सरांनी संघातल्या जुन्या खेळाडूला, आपल्या सगळ्यांच्या दादाला, २०१६ च्या त्या उपांत्य सामन्यात बाकावर का बसवून ठेवले? (कोबी म्हटले की माझ्या आईला आजही भाजीच आठवते, ते असो.) इतके जण विचारतात, म्हणून आता लिहूनच टाकतो.

१२ एप्रिल २०१३ रोजी कोबीचा टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला, तरीही फाउलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकूनच तो मैदानाबाहेर गेला. तो पुन्हा मैदानात उतरण्याआधीच, नोव्हेंबरात, लेकर्स या त्याच्या अमेरिकी संघाने पस्तीस वर्षांच्या या खेळाडूशी दोन वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला. डिसेंबरात तो परतला आणि सहा सामन्यांत गुडघ्याचे हाड मोडून घरी बसला. तिथे संघाच्या पगारखर्चाला मर्यादा असते. एकाच्या ताटात एवढे वाढल्यावर पंगतीत इतरांसाठी काय उरणार? तरीही मी त्या कराराच्या बाजूने हिरिरीने भांडत असे. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात येऊन दोनच दिवस झाले होते, त्या १४ एप्रिल २०१६ च्या सकाळी टँकरची रांग घरच्यांवर सोपवून मी त्याचा अखेरचा सामना पाहिला. त्याने ६० गुण केले. ते मी मुलांना अभिमानाने सांगितले. त्यासाठी त्याने फ्री थ्रो सोडून तब्बल ५० वेळा चेंडू बास्केटकडे टाकला होता आणि त्या मोसमात लेकर्सने ८२ पैकी १७ च सामने जिंकले होते, हे मात्र सांगितले नाही.

आमची ती स्पर्धा त्याच वर्षीच्या हिवाळ्यात झाली. दादाच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट आदल्या वर्षीच गेले होते. तरीही बारा जणांच्या यादीत त्याचे नाव मीच लिहिले आणि त्यापायी एका होतकरू मुलाला घरी ठेवले. म्हणजे मला त्याची किंमत नव्हती, असे कृपा करून म्हणू नका. सामन्याच्या सकाळी, आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या जिन्यावरून तो कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरताना मला दिसला. मी पाहिले, हे त्याला कळले नाही. त्याला खेळवायचे नाही, हे मी तिथेच ठरवले. चूक झाली ती ठरवण्यात नव्हे, त्याला न सांगण्यात झाली.

चौथ्या क्वार्टरची चार मिनिटे उरली असताना आम्ही अकरा गुणांनी मागे होतो. प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडत होते. दादाने ट्रॅकसूट उतरवला, नी-कॅप वर ओढली आणि मला न विचारता स्कोअररच्या टेबलाजवळच्या बदलीच्या खुर्चीवर, म्हणजे मैदानात उतरू पाहणारा बदली खेळाडू बसतो त्या खुर्चीवर, जाऊन बसला. पंधरा वर्षे एकत्र घालवलेल्या माणसाला मी बसल्या जागेवरून, बोटाच्या खुणेने परत बोलावले. तो उठला, टेबलावरच्या पंचाला काहीतरी म्हणाला आणि सगळ्यांसमोर बाकाच्या टोकाशी येऊन बसला. उरलेला सर्व वेळ तो आमच्या पोरांना ‘डावीकडं सरक, बॉक्स आउट कर’ (समोरच्याला पाठीने अडवून धर) असे ओरडून सांगत होता, आणि ते नेमके बरोबर होते.

त्या खुणेमागे केवळ त्याच्या गुडघ्याची काळजी होती, असे मी बरीच वर्षे सांगत आलो. ते पूर्ण खरे नाही. संघ कोणाचा आहे, हे पोरांना दिसावे, असेही मला त्या क्षणी वाटले होते. पण तो गुडघा घेऊन त्याने चार मिनिटांत अकरा गुण भरून काढले असते, असे ज्यांना वाटते, त्यांनी तो जिना पाहिलेला नाही. मी आजही त्याला उतरवणार नाही. त्या खुर्चीपर्यंत मात्र स्वतः चालत जाईन. तेव्हा ते अंतर सात-आठ पावलांचेच होते.