ओढणी

मंगळवार, रात्री पावणेअकरा

हात अजून थरथरतोय, पण आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

संध्याकाळी डेक्कनहून बसने येत होते. बस खचाखच भरलेली. लेडीज सीटपाशी एक मुलगी उभी होती, विशीतली असेल. गुडघ्यापर्यंतचा निळा स्कर्ट, पाठीवरची सॅक पुढे घेऊन पायांसमोर धरलेली. मागचे एक गृहस्थ, साठीच्या पुढचे, सगळ्या बसला ऐकू जाईल असं बोलत होते. "असे कपडे घालायचे आणि मग कुणी काही केलं की बोंबलायचं." दोघं-तिघं हसले. एका पोराने मोबाइल वर धरला. मुलगी सॅक आणखी खाली ओढत राहिली.

माझा हात आपसूक पर्समध्ये गेला. ओढणी काढून तिला द्यावी म्हणून. अर्धी बाहेरही आली होती, आणि मी थांबले. ती ओढणी दिली असती तर त्या माणसाचं म्हणणं चारचौघांत मीच खरं केलं असतं. परत आत कोंबली, उठले आणि त्या मोबाइलच्या आड जाऊन उभी राहिले. "फोन खाली घे," म्हटलं. "आणि काका, हिच्या कपड्यांची काळजी तुमच्यावर कुणी सोपवलेली नाही."

"ताई, तुम्ही मधे पडू नका."

"पडणार."

मग मेथीची जुडी डोकावणारी पिशवी सावरत आणखी एक बाई उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. पण पोराने फोन खिशात घातला. बसमध्ये एवढे लोक होते, तरी पहिली दहा मिनिटं सगळे खिडकीबाहेर बघत होते. त्यात मीही होते, हे लिहून ठेवते.

तो वर धरलेला मोबाइल डोळ्यांसमोरून हलत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये नैरोबीत, भर गर्दीच्या मटाटू थांब्यावर, कपडे तोकडे आहेत म्हणून पुरुषांच्या टोळक्याने एका बाईचे कपडे फाडून काढले होते. मटाटू म्हणजे तिथल्या वडाप गाड्या. कुणीतरी ते सगळं फोनवर टिपलं आणि ते देशभर फिरलं. त्यानंतर १७ नोव्हेंबरला उहुरू पार्कपासून बायका मोर्चाने निघाल्या. 'माझे कपडे, माझी निवड' हे त्यांचं म्हणणं. वाटेत त्यांनाही अडवून, ओरडून बोलणारे पुरुष भेटलेच. तरी त्या चालत राहिल्या. डिसेंबरात तिथल्या कायद्यात नवं कलम आलं: कुणाचे कपडे बळजबरीने उतरवले तर किमान दहा वर्षं तुरुंगवास.

आपल्याकडेही २०१३ पासून तो वेगळा गुन्हा आहे, तीन ते सात वर्षं शिक्षा. बाईचा अपमान करायच्या हेतूने बोललेल्या शब्दालाही शिक्षा आहे, तीन वर्षांपर्यंत. बसमधल्या त्या गृहस्थांना ते ठाऊक असेल असं वाटत नाही. मलाच कुठे आठवलं त्या वेळी?

आणि कपडे तोकडे होते म्हणून, हे तर मला आता पटतच नाही. आनंदीबाई जोशी अंगभर लुगडं नेसत. तरी रस्त्याने जाताना लोक हसायचे, खडे मारायचे, दुकानदार थुंकायचे. अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ साली, बंगालमधल्या सेरामपूरच्या भाषणात त्यांनीच हे सांगितलंय. अठराव्या वर्षात होत्या. त्यांच्या अंगावर काय कमी होतं?

ती मुलगी माझ्या आधीच उतरली. उतरताना "थँक्यू काकू" म्हणाली आणि माझा हात धरला. बर्फासारखा गार होता तिचा हात, एवढ्या उकाड्यात.

उद्या सकाळी लेकीला बंगळूरला फोन करायचा आहे. बारावीच्या निकालाच्या दिवशी मैत्रिणींबरोबर निघाली होती, पिवळा स्कर्ट घालून. मी दारातून परत पाठवलं. "लोक काय म्हणतील" म्हणाले. ती काही न बोलता आत गेली आणि जीन्स घालून आली. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत ती जीन्समध्येच आहे. तो स्कर्ट तिने परत कधी घातला नाही. माळ्यावरच्या बॅगेत आहे अजून, मघाशी काढून पाहिला.