विश्वामित्रीतील मगर आणि ईयोबाला मिळालेले उत्तर

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी आमच्या तळमजल्यावरील घरात शिरले, तेव्हा आम्ही दोन दिवस वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे राहिलो. वडोदऱ्यात नदीची धोक्याची पातळी 25 फुटांची मानली जाते आणि त्या आठवड्यात तिने 35 फूट ओलांडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून खाली पाहत असताना सोसायटीच्या भिंतीलगत सहा-सात फूट लांबीची एक मगर पाण्यातून अगदी संथपणे जाताना दिसली. आम्ही सगळे गप्प झालो. तिला वाट सापडत नव्हती, हे आमच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण ती भिंतीच्या कडेकडेने टोकापर्यंत जाई आणि पुन्हा वळून येई.

पूर ओसरल्यानंतरच्या रविवारी चर्चमधील उपासनेत अनेकांनी साक्षी दिल्या, आणि पाळकसाहेबांनी बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातून, महापुरातून वाचलेल्या नोहाशी देवाने केलेल्या कराराचा पाठ वाचला. उपासना संपल्यावर मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले की, आता या मगरी शहरातून कायमच्या हलवल्या पाहिजेत, कारण देवाने मनुष्याला सर्व प्राण्यांवर सत्ता चालवायला सांगितले आहे. त्यांच्या घरातही पाणी गेले होते आणि त्यांची भीती खरी होती, म्हणून मी त्या वेळी काहीच बोललो नाही. मात्र त्यांनी दिलेला शास्त्राचा आधार माझ्या मनातून गेला नाही, आणि गेले कित्येक महिने मी त्याच प्रश्नाभोवती वाचत आहे.

त्यांनी आठवण करून दिलेले वचन उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील आहे. याच वचनावर बोट ठेवून लिन व्हाइट या इतिहासकाराने 1967 साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील निबंधात असे म्हटले की, निसर्गाच्या आजच्या संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत. हा आरोप सरसकट खरा आहे असे मला वाटत नाही, पण तो सरसकट खोटाही नाही, कारण ‘सत्ता चालवा’ हे शब्द आपण कित्येक पिढ्या पुढचे पान न उलटता वाचत आलो आहोत. पुढच्याच अध्यायात देव मनुष्याला एदेन बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मूळ हिब्रू भाषेत मशागतीसाठी आलेल्या क्रियापदाचा अर्थ सेवा करणे असाही होतो. आणि राखण करणे याच क्रियापदापासून झालेला शब्द काइन भावाला ठार केल्यावर देवाला उलट प्रश्न करताना वापरतो, की मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय? गणना या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात निवासमंडपातील, म्हणजे उपासनेच्या पवित्र तंबूतील, लेवी या सेवकवंशाचे काम सांगताना हीच दोन क्रियापदे एकत्र येतात. ज्या शब्दांनी पवित्रस्थानाची सेवा सांगितली, त्याच शब्दांनी मातीची सेवा सांगितली आहे, हे मला या वयात प्रथमच कळले आणि त्याचे वाईट वाटले.

यावरून आपल्या मंडळ्यांतून आता असे शिकवले जाते की मनुष्य हा सृष्टीचा मालक नसून कारभारी आहे. ही शिकवण योग्य आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव स्पष्टच सांगतो की जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ परके व उपरे आहात. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून गायकवाडांच्या या शहरात नोकरीसाठी आले, त्यामुळे ‘उपरा’ या शब्दाचा अर्थ आमच्या घराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण कारभारी हा शब्दही मला अपुरा वाटू लागला आहे. कारभारी शेवटी हिशेब पाहतो, कशाचा उपयोग काय हे विचारतो, आणि विश्वामित्रीतील मगरीच्या उपयोगाचा हिशेब मांडायला बसले तर तो मंडळीतील त्या गृहस्थांच्या बाजूनेच लागण्याची शक्यता अधिक आहे.

म्हणून मी बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकाकडे वळलो. ईयोब आपल्या दुःखाचे कारण विचारतो, आणि अडतिसाव्या अध्यायापासून देव त्याला जे उत्तर देतो, त्यात ईयोबाच्या दुःखाचा उल्लेखही नाही. तेथे रानगाढव आहे, डोंगरातील रानबकरी आहे, आपली अंडी जमिनीवर टाकून जाणारी शहामृगी आहे, आणि यांपैकी एकही प्राणी मनुष्याच्या कामाचा नाही. देव विचारतो की पुराच्या पाण्यासाठी पाट कोणी फोडला, जेथे कोणी मनुष्य राहत नाही अशा भूमीवर पाऊस कोण पाडतो? आमच्या घराच्या भिंतीवर पुराची रेघ अजून दिसत असताना मी हे वचन वाचले आणि बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. मग बेहेमोथ हा महाकाय पशू येतो, ज्याला मी तुझ्यासारखेच निर्माण केले असे देव ईयोबाला सांगतो. आणि एक्केचाळिसावा अध्याय पूर्ण लिव्याथानाचा आहे. लिव्याथान म्हणजे मगर असे अनेक भाष्यकारांनी मानले आहे, तर इतरांना तो समुद्रातील अजस्र जलचर वाटतो. पण त्याची खवल्यांची पाठ आणि दातांच्या भयंकर रांगा वाचताना वडोदऱ्याच्या माणसापुढे दुसरे कोणतेही चित्र उभे राहणार नाही. देव त्याचे वर्णन अभिमानाने करतो. एकशे चौथ्या स्तोत्रात तर लिव्याथानाला समुद्रात खेळण्यासाठी निर्माण केले असे म्हटले आहे, आणि तेथे उपयोगाचा विषयच निघत नाही.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना निसर्गप्रेम नवे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात आणि त्यांच्या ‘वनवासी फूल’ या कवितेचा आम्हाला अभिमान आहे. परंतु फुलावर प्रेम करणे सोपे असते. जो प्राणी आपल्याला घाबरवतो, कधी जिवावरही उठतो, त्याच्या निर्मात्याची स्तुती करणे ही परीक्षा आहे, आणि ईयोबाचे पुस्तक आपल्याला नेमके त्या परीक्षेला बसवते. येथून जवळच गुजरातच्या चरोतर या भागात मलातजसारख्या गावांच्या तळ्यांत मगरी आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. मगर हे खोडियार मातेचे वाहन असल्याने तेथे तिच्याविषयी आदर आहे. आमची श्रद्धा वेगळी आहे. तरीही त्या शेजाऱ्यांनी जे आदराने सांभाळले, ते आम्ही आमच्याच शास्त्राच्या आधारे का सांभाळू शकलो नाही, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून निघते, शहराच्या मधून वाहते आणि पुढे ढाढरला मिळते. फेब्रुवारी 2025 च्या गणनेत शहरातील पात्रात 442 मगरी मोजल्या गेल्या. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. काठात खोल बिळे करून राहण्याचीही या प्राण्याला सवय आहे. म्हणजे त्याला पाण्याइतकाच मातीचा काठ लागतो. याच नदीच्या कडेला पुराचे जास्तीचे पाणी सामावून घेणाऱ्या घळी होत्या, ज्यांना येथे कोतर म्हणतात. त्यांपैकी अनेक भरावाने बुजल्या आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. आमची सोसायटीही अशाच एका बुजवलेल्या कोतरावर आहे. घर घेताना ते आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. त्या सकाळी भिंतीलगत वाट शोधणारी मगर बहुधा पाण्याच्या जुन्या वाटेनेच आली होती, आणि आमची भिंत तिच्या आड आली होती.

माणसांच्या जिवाचे काय, हा प्रश्न कोणी विचारला तर तो योग्यच आहे. खालच्या अंगाला नदीकाठच्या गावांत कपडे धुणाऱ्या बायका आणि मासेमारी करणारे लोक मगरीच्या हल्ल्यात सापडतात, आणि त्यांच्या घरच्यांसमोर लिव्याथानाचे वर्णन वाचून दाखवणे हा निर्दयपणा होईल. तुम्ही पुष्कळ चिमण्यांहून अधिक मोलाचे आहात, असे प्रभू येशूने सांगितले आहे. पण त्याच ठिकाणी, पित्याच्या इच्छेवाचून एकही चिमणी जमिनीवर पडत नाही, असेही सांगितले आहे. ही दोन वाक्ये एकत्र वाचायची तर काठावरच्या गावांत घराघरांत नळाचे पाणी पोहोचवणे, उतरायच्या जागी पाण्यात जाळीचे कुंपण घालणे आणि काठावर खरकटे व मांसाचे अवशेष न टाकणे ही कामे मला उपासनेइतकीच ख्रिस्ती वाटतात. 2025 च्या उन्हाळ्यात पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम झाले. पुराच्या दृष्टीने त्याची गरज मी नाकारत नाही, पण यंत्रांनी खरवडलेल्या सरळ काठावर यापुढे अंडी कोठे घातली जातील, याची काळजी मला वाटते.

त्या रविवारचा पाठ मी नंतर घरी पुन्हा वाचला. पुरानंतर देवाने केलेला करार नोहाशी आणि त्याच्या संतानाशी आहेच, पण तारवातून, म्हणजे नोहाच्या मोठ्या नावेतून, बाहेर आलेल्या प्रत्येक सजीव प्राण्याशीही आहे, आणि तो अध्याय हे एकदा सांगून थांबत नाही, तर पुन्हा पुन्हा सांगतो. मी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या घरी जाऊन हे त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून ती वचने शांतपणे वाचली, आणि म्हणाले, “वाचली होती हो, पण अशी नव्हती वाचली.” मगरींविषयीचे त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. मात्र आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीत तळाशी पाण्यासाठी रुंद मोकळ्या जागा सोडाव्यात आणि मागचा उरलेला उतार भराव न घालता तसाच ठेवावा, या अर्जाची त्यांना हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी त्यांच्या सोसायटीसाठीही एक प्रत मागून घेतली. आमच्या अर्जावर आतापर्यंत अकरा घरांच्या सह्या झाल्या आहेत, आणि सभा पुढच्या महिन्यात आहे.