जुने फोटो घेऊन माथेरान: कुठे उभं राहायचं, कधी पोचायचं

माथेरानच्या जुन्या फोटोंचा संच घेऊन, त्याच जागांवरून पुन्हा फोटो काढायला वर जाणार असाल तर फोटोखालच्या नावावर फार विसंबू नका. छापणाऱ्याकडून पॉइंटचं नाव चुकू शकतं, समोरच्या डोंगराची कडा चुकत नाही. म्हणून घरीच प्रत्येक फोटोवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवून डोंगररेषा काळ्या मार्करने गिरवा. तो कागद समोर धरला की जागा बरोबर आहे की नाही ते लगेच कळतं. छापील प्रती मॅट कागदावर काढा, चकचकीत कागद उन्हात वाचताच येत नाही. आणि सगळं पिशवीत बंद ठेवा, माकडं हातातलं हिसकावतात.

नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, तिथे प्रवेशकर भरून पुढे पायी. तिथल्या अमन लॉज स्थानकाहून बाजारापर्यंत शटल गाडी मिळते, पण रुळांच्या कडेने बाजारापर्यंत चालत गेलेलं बरं, कारण फोटोतली वळणं याच वाटेवर ओळखता येतात. नेरळहून येणारी मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते, शटल बहुधा चालू असते.

फोटोचं वय ठरवायला ही गाडीच कामी येते. दोन फुटी रुळांची ही लाइन पीरभॉय कुटुंबाने १९०४ ते १९०७ मध्ये बांधली. रूळ दिसले तर फोटो त्याआधीचा नाही; डोल्या आणि घोडेच दिसले म्हणून मात्र तो आधीचा ठरत नाही, कारण घोडे आजही आहेत. पोस्टकार्डावर सातव्या एडवर्डचं तिकीट असेल तर फोटो बहुधा १९११-१२ च्या आधी काढलेला असणार. उलट तर्क चालत नाही: जुना फोटो वर्षानुवर्षं पुन्हा छापला जाई, त्यामुळे पाचव्या जॉर्जचं तिकीट फोटोबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

आता वेळेचं. पोर्क्युपाइन पॉइंटला सगळे सूर्यास्ताला जातात, आणि नेमकं तेव्हाच समोरचा प्रबळगड काळा ठिपका होतो. त्याची आपल्याकडची बाजू पूर्वेची, म्हणून कड्यावरच्या घळी स्पष्ट दिसणारा फोटो सकाळचाच. सकाळी पश्चिमेकडचे पॉइंट उरका. लुईझासारख्या माथेरानच्याच पश्चिम कड्यांचे फोटो असतील तर दुपार टळल्यावर पुन्हा या. प्रबळगडाच्या उत्तर टोकाचा कलावंतीण सुळका इथून उजव्या हाताला यायला हवा. डावीकडे असेल तर काचेची निगेटिव्ह उलटी छापली आहे, प्रत आरशासारखी फिरवून घ्या.

नेमकी जागा पकडण्याची युक्ती अशी: फोटोत जवळचा एक दगड आणि लांबचं एक शिखर निवडा. लांबच्या शिखराच्या मानाने तो दगड फोटोतल्यापेक्षा उजवीकडे दिसत असेल तर तुम्हीही उजवीकडे सरका, डावीकडे असेल तर डावीकडे. दगड फोटोतल्यापेक्षा खाली वाटला तर आणखी खाली उतरावं लागेल. जागा जुळल्यावरच झूम करा. झूमने चौकट बदलते, दगड-शिखराचं नातं नाही. मोबाइल न झुकवता सरळ धरा, वर तिरपा केला की झाडं आत झुकतात. जुन्या तिपाईवरच्या कॅमेऱ्यात ती सरळ येत. खालची जादा जमीन नंतर कापा.

कधी कधी हिशेब बरोबर येतो आणि पाय कठड्याबाहेर जायला लागतात. तिथे थांबायचं. जांभ्याची कड सुटी असते आणि वाळल्या पानांवरून पाय सरकतो. दोन पावलं मागून घेतलेला फोटो पुरतो. दुसरी अडचण झाडांची: जिथून पूर्वी खालची दरी मोकळी दिसे तिथे आता दाट पानं असू शकतात. मग दहा-वीस पावलं इकडेतिकडे फिरून फांद्यांमधली फट शोधा, फांदी तोडू नका; २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

शार्लोट तलावाच्या फोटोत पाण्याची पातळी पाहून ऋतू ताडता येतो. उन्हाळ्यातला फोटो असेल आणि तुम्ही नोव्हेंबरात गेलात तर काठ जुळणार नाही, तेव्हा पलीकडच्या झाडांच्या रांगेवर जुळवा. पिसारनाथाचं देऊळ काठालाच आहे.

बाजारातल्या फोटोंसाठी दुपार ठेवा. दुकानांच्या पाट्या बदलल्या, छपरं बदलली, पण रस्त्याचा चढ आणि जोत्याच्या पायऱ्या बऱ्याचदा तशाच असतात. तिथूनच सुरुवात करा. घरात टांगलेला फोटो कुणी दाखवला तर काचेसमोर फ्लॅश मारू नका. किंचित बाजूला उभं राहून, काचेत ज्या बाजूचं प्रतिबिंब दिसतं तिथे काळं कापड धरायला सांगून टिपा. नावं लिहून घेताना कोणी सांगितलं तेही लिहा आणि तुमच्याकडच्या फोटोची एक प्रत त्यांना देऊन या. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ बरा. मार्चनंतर दरी धुरकटते आणि मागची डोंगररेषाच गायब होते.