अप्पा हसले

मंगळवार, रात्रीचे पावणेदोन

झोप येत नाहीये. अप्पा हसले, ते डोक्यातून जातच नाही.

झालं एवढंच. खुब्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा अप्पा वॉकर धरून पलंगापासून ओसरीच्या दारापर्यंत चालले. 11 पावलं. मी मोजत होतो. आधी वॉकर, मग खुब्याचा पाय, मग चांगला पाय, हे मी मोठ्याने म्हणत होतो आणि ते तसतसं टाकत होते. दाराशी पोचल्यावर त्यांनी चौकटीवर हात टेकला आणि माझे डोळे गळायलाच लागले. नानाकाका खुर्चीत बसलेले. म्हणाले, "घ्या! साने गुरुजी सुरू झाले!"

सगळे हसले. अप्पाही हसले.

काकांचं मला काही नाही. ते जन्मभर असंच बोलत आलेत. पण अप्पांनी हसावं? गेले 22 दिवस त्यांना उठवतोय, पुसतोय, रात्री पायांमधली उशी सरकली की परत लावतोय. पाठ न वाकवता गुडघ्यांतून खाली जायचं आणि मग त्यांना घेऊन उठायचं, हे शिकायला मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी माझीच कंबर धरली होती. ती ताकद घरातल्या सगळ्यांना चालते. डोळ्यांत पाणी आलं की मात्र मी लगेच लहान होतो. हिने ताबडतोब चहा टाकला, विषय बदलावा म्हणून. तेही लागलं मला.

आणि नाव कुणाचं घेतलं, तर गुरुजींचं! तेही अमळनेरात! 1924 ते 1930 ते इथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडायचे, आजारी पोराच्या उशाशी बसायचे, मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढायचे. हे आम्ही इथे आजीच्या तोंडून ऐकत वाढलो. तरी शाळेत कुणी रडलं की आम्ही पोरं हेच नाव घेऊन चिडवायचो. मीही चिडवलंय. त्यातल्या एकाचा चेहरा आज संध्याकाळपासून आठवतोय. असो.

रडका म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या माणसाने नोकरी सोडून तुरुंगवास पत्करला. मे 1947 मध्ये पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं दार अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या माणसांना उघडत नाही तोवर अन्न घ्यायचं नाही. दहा दिवस. त्याआधी गावोगाव सभा घेत महाराष्ट्रभर हिंडले होते. ज्याला दुसऱ्याचं बाहेर उभं राहणं सहन होत नाही, तोच असं बसू शकतो. मला तरी ते रडणं आणि ते बसणं वेगळं काढता येत नाही. काकांना हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी नुसतं नाक पुसलं.

गुरुजींच्या शेवटाबद्दल आज लिहवणार नाही. पण तेही मनात येऊन गेलंच, खोटं कशाला बोलू.

ओम तिथेच उभा होता. वॉकरच्या मागे. तो हसला का, ते मी पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही, असंच म्हणायला हवं. तो आता बारा वर्षांचा आहे, सायकलवरून पडला तरी ओठ दाबून घरी येतो. हे त्याला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. की शिकवलं?

पण परत अप्पांचं हसणं. तिथेच येऊन अडतोय.

आत्ता हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि पेन थांबलं. बाथरूममध्ये पडल्यापासून अप्पा हसलेच नव्हते. एकदाही नाही. दवाखान्यात नाही, घरी आल्यावर नाही, ताई पुण्याहून आली तेव्हाही नाही. डोळे भिंतीकडे लावून पडून असायचे. काही विचारलं की "हं" म्हणायचे. मी पावलं मोजत बसलो. हे मोजायचं राहूनच गेलं.

त्यांच्या हसण्याचा आवाजही तोच होता, पूर्वीचा, खोकल्यात संपणारा. मग मीच धावलो पाणी घेऊन. दोन घोट पिऊन म्हणाले, "उद्या तुळशीपर्यंत."

माझ्यावर हसले, तर हसू देत. तुळशीपर्यंत 30 पावलं तरी होतील आणि मध्ये एक पायरी आहे. उद्याही डोळे भरतील, मला माहीत आहे. मी तोंड फिरवणार नाही. वॉकर धरलेल्या माणसाला सोडून तोंड फिरवता येतही नाही.

पेल्यावर चमचा वाजतोय, अप्पा बोलावतायत. उठतो.