बारा नंबरचा पत्ता

दादरच्या टॅरो (म्हणजे भविष्य बघायचे पत्ते) क्लासमध्ये बाईंनी ७८ पत्त्यांचा कॅट पिसून प्रत्येकीला एकेक पत्ता ओढायला लावला. महिनाभर तोच बघायचा, पुस्तक उघडायचं नाही. शेजारणीला सूर्य आला. मला बारा नंबर, हँग्ड मॅन. एका पायाने उलटा टांगलेला माणूस. आईने चष्मा लावून बघितला, म्हणाली, "अगं, हा तर वेताळ!"

चोरून मोबाइलवर अर्थ वाचला (सगळ्याच वाचतात): त्याग, थांबणं, नवी दृष्टी. पाठ झाला, डोक्यात काही शिरलं नाही. मग एकदा मुलुंडला जाताना लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धी लटकून फोटो मोठा करून बघत बसले. चेहऱ्यावर कळ नाहीच, चांगला शांत आहे. डोक्यामागे तेजोवलय. लाकडाला हिरवी पानं, म्हणजे ते जिवंत आहे. बांधलाय तो एकच पाय. दुसरा त्याच्यामागे दुमडलेला. हात पाठीमागे, बांधलेत की नुसते धरलेत, चित्रात कळत नाही.

बाईंनी पुढे सांगितलं, की टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाला आणि तिकडे या पत्त्याला गद्दार म्हणत. गद्दारांची बदनामी करायला त्यांची अशी उलटी चित्रं भिंतीवर रंगवत. आमच्या कॅटमधलं चित्र १९०९चं, लंडनचं, पामेला कोलमन स्मिथने काढलेलं. तेजोवलय आहे ते असं गद्दाराच्या डोक्यामागे! मला तर हे फारच आवडलं.

पहिलं रीडिंग शेजारच्या काकूंचं केलं. नेमका तोच पत्ता निघाला. "थांबा, वेगळ्या नजरेने बघा," मी पोपटासारखी बोलले.

"नव्या घरासाठी पाच वर्षं ट्रान्झिट कॅम्पमध्ये थांबलेच आहे की! बिल्डर फोन उचलत नाही. आणखी किती टांगून घेऊ?"

मी गप्प. काकूंनी पत्ता उचलून उलटा धरला. "बघ, नाचतोय मेला."

खरंच नाचत होता. घाईघाईने २१ नंबर शोधला, वर्ल्ड. हाराच्या मधोमध नाचणारी बाई, एक पाय तसाच मागे दुमडलेला. १२ आणि २१. महिनाभर बघून मी पत्ता एकदाही फिरवला नव्हता.

काकूंना त्याचं कौतुक नव्हतं. "ताबा कधी मिळेल ते सांग."

तारीख पत्त्यात दिसत नाही म्हटल्यावर त्या चहा टाकायला उठल्या.